समशीतोष्ण प्रदेशांसाठी भांगेची पैदास आणि तिच्या प्रादेशिक कुळ्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भांगेच्या प्रादेशिक वाणांविषयी आणि छोटा उन्हाळा, लवकर येणारी थंडी असलेल्या मुलखांसाठी त्यांची पैदास कशी होते याविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे दुसऱ्या उत्तराची गरज पडते तेथे त्याचा क्रमांक दिला आहे. वाणाचे नाव विचारण्याआधी ते कोणत्या अक्षांशावर आणि कोणत्या पावसात वाढले, हे विचारण्याची सवय लावून घ्यावी, ही एक मनापासूनची विनंती. पुढच्या बहुतेक उत्तरांचा धागा तोच आहे.

१. भांग, गांजा, चरस आणि हेम्प ही वेगवेगळी झाडे आहेत का?

नाही. भांग म्हणजे पाने, गांजा म्हणजे मादी झाडाचा राळयुक्त फुलोरा आणि चरस म्हणजे त्या फुलोऱ्यावरची राळ. ही तिन्ही नावे एकाच झाडाच्या वेगवेगळ्या भागांना मिळालेली आहेत; पुढे मात्र ‘भांग’ हा शब्द संपूर्ण झाडासाठी वापरला आहे. वाखासाठी किंवा बियांसाठी वाढवलेल्या आणि टीएचसी हे नशा आणणारे द्रव्य फारच कमी असलेल्या वाणांना आज हेम्प म्हणतात. अनेक देशांच्या कायद्यांत दिसणारी ०.३ टक्के टीएचसीची मर्यादा अर्नेस्ट स्मॉल आणि आर्थर क्रॉन्क्विस्ट यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या वर्गीकरणातून आली. त्यांनी ती वर्गीकरणाच्या सोयीसाठी आखली होती. निसर्गात त्या आकड्यापाशी कोणतीही सीमारेषा नाही, आणि ही गोष्ट प्रश्न १६ मध्ये पुन्हा उपयोगी पडेल.

२. अंबाडी आणि ताग यांचा भांगेशी काही संबंध आहे का?

वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने काहीही नाही. अंबाडी भेंडीच्या कुळातली आहे, तर हिरवळीचे खत म्हणून पेरला जाणारा ताग शेंगावर्गीय आहे. इंग्रजीत मात्र पहिलीला ‘डेक्कन हेम्प’ आणि दुसऱ्याला ‘सन हेम्प’ म्हणतात, कारण एके काळी ‘हेम्प’ हा शब्द वाख देणाऱ्या कोणत्याही झाडाला सर्रास लावला जात असे. त्यामुळे जुन्या व्यापारी कागदपत्रांत हा शब्द दिसला, तर तो नेमक्या कोणत्या पिकासाठी आहे हे तपासल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. भांगेचा खरा जवळचा नातलग म्हणजे बिअरला कडवटपणा देणारा हॉप.

३. हे सगळे वाचून मी घरी एखादे झाड लावले तर चालेल का?

याचे उत्तर तुम्ही कोणत्या देशात, आणि काही ठिकाणी कोणत्या राज्यात राहता यावर अवलंबून आहे. अनेक ठिकाणी परवान्याशिवाय एक झाड लावणेही गुन्हा आहे. हेम्पलाही बहुधा नोंदणीकृत वाण आणि शासकीय परवानगी लागते. येथील माहिती वनस्पतिशास्त्र, पैदास आणि जननद्रव्य (पैदासीसाठी जपलेली आनुवंशिक विविधता) यांच्या अभ्यासासाठी आहे.

४. या झाडाचे मूळ गाव कोणते?

परागकणांच्या जीवाश्मांच्या अभ्यासावरून तिबेटच्या पठाराचा ईशान्य भाग हे मूळस्थान असावे, असे मत २०१९ मध्ये मांडले गेले. हॉपपासून भांग वेगळी झाली त्याला सुमारे २ कोटी ८० लाख वर्षे झाली, असा त्यातला अंदाज आहे. माणसाने ती लागवडीखाली कधी आणली, हा वेगळा प्रश्न आहे. २०२१ मध्ये ११० झाडांच्या संपूर्ण जनुकसंचांची तुलना प्रसिद्ध झाली आणि तिच्यावरून पूर्व आशियात सुमारे १२,००० वर्षांपूर्वी लागवड सुरू झाली, तर वाखाच्या आणि राळेच्या कुळ्या सुमारे ४,००० वर्षांपूर्वी वेगळ्या होऊ लागल्या, असे दिसते. त्याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष मला अधिक महत्त्वाचा वाटतो: आज रानात दिसणारी झाडे लागवडीतून निसटलेल्यांची वंशज आहेत आणि अस्सल रानटी पूर्वज बहुधा नामशेष झाला आहे. पामीर पर्वतातील जिरझांकाल येथील सुमारे २,५०० वर्षांपूर्वीच्या थडग्यांत सापडलेल्या लाकडी धुपाटण्यांवर टीएचसीचे प्रमाण जास्त असलेल्या भांगेचे अवशेष मिळाले आहेत. म्हणजे राळेच्या झाडांची निवड तोवर तरी सुरू झाली होती, किंवा तशी झाडे माणसाने हेरली होती.

५. सॅटायव्हा, इंडिका आणि रुडेरालिस या तीन जाती खऱ्या आहेत का?

ही नावे खरी आहेत; आज ती ज्या अर्थाने वापरली जातात तो अर्थ मात्र बराचसा निसटलेला आहे. लिनियसने १७५३ मध्ये युरोपातील हेम्पला ‘सॅटायव्हा’ हे नाव दिले. लामार्कने १७८५ मध्ये भारतातून आलेल्या नमुन्यांवरून ‘इंडिका’ वेगळी केली, आणि त्याच्यासमोरची झाडे अरुंद पानांची होती. यानिशेव्स्की या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९२४ मध्ये रानोमाळ उगवणाऱ्या, छोट्या, स्वतःहून बी गाळणाऱ्या झाडांना ‘रुडेरालिस’ म्हटले. पुढे १९७० च्या दशकात अफगाणिस्तानातील बुटक्या, रुंद पानांच्या झाडांना ‘इंडिका’ म्हटले जाऊ लागले, आणि तेव्हापासून भारतातील मूळ ‘इंडिका’ बाजारात ‘सॅटायव्हा’ म्हणून विकली जाते. एवढी उलटापालट झाल्यावर या शब्दांवरून झाडाच्या गुणांचा अंदाज बांधणे धोक्याचे आहे. बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञ आज एकच जाती मानतात आणि तिच्या आत उपजाती किंवा गट पाडतात. गुणसूत्रे सर्वांत वीसच आहेत आणि कोणत्याही दोन गटांचा संकर सहज होतो. पैदासकाराला या तीन नावांपेक्षा प्रदेशाचे नाव कितीतरी अधिक सांगून जाते.

६. ‘स्थानिक वाण’ म्हणजे नेमके काय? रानटी भांग आणि स्थानिक वाण एकच का?

स्थानिक वाण म्हणजे एका प्रदेशातील शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या स्वतःचे बी राखून घडवलेला झाडांचा समूह. त्यातली झाडे एकसारखी नसतात. त्यांच्यात उंची, रंग, वास आणि पिकण्याची वेळ या बाबतींत फरक असतो, आणि हीच विविधता एखाद्या वाईट वर्षात वाणाला तगवते. रानटी भांग मात्र कोणी निवडलेली नसते. तिचा सर्वांत सोपा ओळखीचा गुण बियांत आहे: रानटी झाडाचे बी लहान, ठिपकेदार आणि पिकताच गळणारे असते, तर लागवडीतील झाडाचे बी मोठे आणि फुलोऱ्यातच टिकून राहणारे असते, कारण गळलेले बी शेतकऱ्याच्या हाती कधी लागलेच नाही. दोन्ही जवळजवळ उगवत असतील तर परागकण वाऱ्याने इकडून तिकडे जातात आणि मधल्या अवस्थेतली झाडे दिसू लागतात.

७. मुख्य प्रादेशिक कुळ्या कोणत्या आणि त्यांच्यात फरक काय?

उत्तरेकडून सुरुवात करू. सोव्हिएत वनस्पतिशास्त्रज्ञांनी युरोपीय हेम्पचे उत्तरेकडील, मध्य रशियन आणि दक्षिणेकडील किंवा भूमध्य असे गट केले होते आणि ते आजही कामाचे आहेत. उत्तरेकडील झाडे बुटकी व झटपट पिकणारी, मध्य रशियन त्यांहून उंच, आणि दक्षिणेकडील, विशेषतः इटलीतील पिएमोंटे प्रांताची कार्मान्योला, खूप उंच व उशिरा फुलणारी. पूर्व आशियातील वाखाची झाडे वेगळ्या घराण्याची आहेत. चीन, कोरिया आणि जपानमध्ये ती फार दीर्घ काळ निवडली गेली आणि अमेरिकेतील केंटकी हेम्पचा आधारही पुढे चिनी बियाणेच ठरला.

मध्य आशियाची कुळी, म्हणजे हिंदुकुशच्या दोन्ही बाजूंची बाल्ख, मझार आणि चित्रालकडची झाडे, कोरड्या उन्हाळ्यात पाटाच्या पाण्यावर वाढली. ती बुटकी, रुंद पानांची, दाट फुलोऱ्याची असून पटकन पिकतात. त्यांची राळ वाळलेल्या झाडांवरून चाळून काढतात. जुन्या अफगाण समूहांत टीएचसीबरोबर सीबीडी हे नशा न आणणारे द्रव्यही बऱ्यापैकी आढळते, आणि तसेच मिश्रण लेबनॉनच्या बेका खोऱ्यातील व मोरोक्कोच्या रिफ पर्वतातील जुन्या वाणांतही दिसते. रिफमधील ‘बेल्दिया’ हे वाण पाण्याच्या टंचाईला सरावलेले आणि लवकर पिकणारे आहे.

हिमालयातील कुळी याहून वेगळी आहे. कुलू-पार्वती खोऱ्यापासून कुमाऊँ आणि नेपाळपर्यंत एकाच झाडापासून वाख, बी आणि हाताने चोळून काढलेली चरस, अशी तिन्ही कामे साधली गेली. त्यामुळे झाडे उंच, अरुंद पानांची आणि मोकळ्या फुलोऱ्याची राहिली. दक्षिण भारत आणि आग्नेय आशियातील गांजाच्या कुळ्या याहून उशिरा फुलतात, आणि फुलोरा पिकायलाही त्यांना फार वेळ लागतो. त्यांच्यात टीएचसी प्रमुख असून सीबीडी नगण्य असते. वेठबिगारीच्या करारावर नेलेल्या भारतीय मजुरांबरोबर हीच कुळी १८४५ नंतर जमैकात पोहोचली, आणि ‘गांजा’ हा शब्द तेथे आजही जिवंत आहे.

८. केरळचे किंवा थायलंडचे वाण उत्तर युरोपात का पिकत नाही? उन्हाळ्यात तर ऊन भरपूर असते.

ऊन भरपूर असते, हीच अडचण आहे. भांगेचे झाड दिनमान आखूड झाल्यावर फुलते. नेमके सांगायचे तर ते अखंड अंधाराची लांबी मोजते. कोणत्या लांबीला फुलायचे हे त्याच्या कुळीत ठरलेले असते. १० अंश उत्तर अक्षांशावर सर्वांत मोठा दिवस सुमारे पावणेतेरा तासांचा आणि सर्वांत लहान दिवस सुमारे साडेअकरा तासांचा असतो, म्हणजे वर्षभरात फरक फक्त सव्वा तासाचा. तेथील झाडाला फुलोऱ्याचा इशारा बारा तासांच्या आसपास मिळतो. ५० अंशांवर जूनच्या अखेरीस दिवस सव्वासोळा तासांहून मोठा असतो. ऑगस्टच्या विसाव्या तारखेला तो चौदा तासांच्या आसपास आणि बारा तासांवर सप्टेंबर संपता संपता येतो. दक्षिणेचे झाड तोवर नुसते उंच वाढत राहते, ऑक्टोबरात कळ्या धरते आणि दोन-तीन महिन्यांच्या फुलोऱ्याची तयारी करत असतानाच धुके, गारठा आणि हिमतुषार त्याला गाठतात.

म्हणून समशीतोष्ण प्रदेशासाठी पैदास करताना पहिला निकष थंडी सोसण्याची ताकद हा नसून फुलण्याची तारीख हा असतो. ऑगस्टच्या आरंभी, दिवस अजून पंधरा तासांचा असताना फुलणारे झाड सप्टेंबरात पिकते; त्याला थंडी सोसण्याची वेळच येत नाही. उबदार, दमट सप्टेंबर आणि कोरडा सप्टेंबर यांत पुढे काय फरक पडतो, ते प्रश्न १७ मध्ये पाहावे.

९. मग उत्तरेचे वाण दक्षिणेत नेले तर ते अधिक चांगले वाढेल का?

उलट घडते. पंधरा-सोळा तासांच्या दिवसाला सरावलेले झाड तेरा तासांच्या दिवसात उगवले, की उगवताच त्याला शरद ऋतू आल्यासारखे वाटते आणि ते गुडघाभर उंचीवरच फुलते. वाखाच्या शेतीत मात्र याच नियमाचा फार चतुराईने उपयोग केला जातो. हंगेरी किंवा इटलीचे उशिरा फुलणारे वाण थोडे उत्तरेला पेरले, की ते अधिक काळ फक्त खोड वाढवत राहते आणि वाखाचे उत्पन्न वाढते. बी तेथे पिकत नाही, म्हणून बियाणे दरवर्षी दक्षिणेकडून आणावे लागते. वाखासाठी फायद्याचा ठरणारा गुण बियांच्या पिकासाठी दोष ठरतो, त्यामुळे ‘या प्रदेशासाठी कोणते वाण चांगले’ हा प्रश्न ‘कशासाठी’ हे सांगितल्याशिवाय अपुरा राहतो.

१०. हिमालयातील वाण २,५०० मीटरवर थंडीतच वाढते. ते थेट युरोपात चालायला हवे ना?

हा प्रश्न सर्वाधिक येतो आणि त्यामागचा तर्क पटण्यासारखाही आहे, पण उंची आणि अक्षांश यांचे परिणाम वेगळे असतात. उंचीवर हवा थंड होते. साधारण दर हजार मीटरला साडेसहा अंश. दिनमान मात्र उंचीने बदलत नाही. कुलू-पार्वती भागातील मलाणा हे गाव ३२ अंशांवर आहे आणि तेथील सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वाचौदा तासांचा असतो. तेथील झाडाचे घड्याळ त्या दिवसाला लावलेले आहे, आणि पावसाळा ओसरल्यावर मिळणाऱ्या कोरड्या, उजळ शरदावर ते विसंबून पिकते. ५० अंशांवर त्याला इशारा उशिरा मिळतो आणि पिकण्याच्या वेळी कोरड्या शरदाऐवजी पाऊस भेटतो.

तरीही पैदासकारांना ही कुळी मोलाची वाटते, आणि ते योग्यच आहे. थंड रात्री सोसण्याची क्षमता, मोकळा फुलोरा आणि पावसाळी हवेशी शेकडो वर्षांची ओळख हे तिचे गुण आहेत. ते लवकर फुलणाऱ्या उत्तरेकडील झाडात संकराने आणायचे आणि घड्याळ मात्र उत्तरेचे ठेवायचे, असा मार्ग आहे. थेट लागवडीने निराशा होते. आई किंवा बाप म्हणून ती उत्तम ठरते.

११. आणलेले बी काही वर्षे पेरत राहिले तर ते आपोआप हवामानाशी जुळवून घेते का?

समूह जुळवून घेतो. एकेक झाड बदलत नाही. पूर्वी असे मानत की हवा-पाण्याने झाडाचा स्वभावच पालटतो. प्रत्यक्षात, विविधता असलेल्या समूहातील जी झाडे थंडीपूर्वी पिकली त्यांचेच बी हाती लागते आणि पुढच्या वर्षी तीच पेरली जातात. अशी निवड आठ-दहा पिढ्यांत फुलण्याची तारीख ठळकपणे अलीकडे ओढते. त्यासाठी दोन अटी आहेत: मूळ समूहात लवकर फुलणारी काही झाडे असायला हवीत, आणि दरवर्षी पुरेशा झाडांचे बी राखायला हवे. चार-पाच झाडांवर निवड केली तर समूह खुजा आणि अशक्त होत जातो. समूहात लवकर फुलण्याचे जनुकच नसेल तर कितीही वर्षे वाट पाहून उपयोग नाही. ते संकरानेच आणावे लागते (प्रश्न १२ आणि १५).

१२. दिनमानाची पर्वा न करता फुलणारी झाडे कोठून आली?

अतिउत्तरेकडील कुळ्यांतून आणि रुडेरालिस म्हणवल्या जाणाऱ्या रानटी झाडांतून. उन्हाळा जेथे अत्यंत छोटा आणि दिवस प्रचंड लांब, तेथे दिवस आखूड होण्याची वाट पाहणारे झाड बी धरण्याआधीच मरते; त्यामुळे उगवल्यानंतर तीन ते पाच आठवड्यांत वयानुसार फुलणारी झाडेच टिकली. हा गुण प्रामुख्याने एका अप्रभावी जनुकाचा आहे, म्हणून साध्या झाडाशी केलेल्या संकराच्या पहिल्या पिढीत तो दिसत नाही आणि दुसऱ्या पिढीत साधारण चौथा हिस्सा झाडांत परत येतो. २०२२ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी या गुणाचे आणि लवकर फुलण्याच्या दुसऱ्या एका गुणाचे गुणसूत्रांवरील स्थान निश्चित करून दाखवले. येथे एक अपवाद लक्षात ठेवावा: जनुकाची एकच प्रत असलेली पहिल्या पिढीची झाडे दिनमान पाळतात, पण बहुधा थोडी लवकर फुलतात, आणि काही पैदासकार हाच मधला फायदा मुद्दाम वापरतात.

फिनलंडचे ‘फिनोला’ हे बियांसाठीचे वाण या मार्गाचे उत्तम उदाहरण आहे. सेंट पीटर्सबर्गच्या वाविलोव्ह संस्थेच्या संग्रहातील बियाण्यांपासून १९९० च्या दशकात ते तयार झाले. ते साधारण छातीइतके उंच वाढते आणि ६० अंशांच्या वर, जेथे जूनची रात्र नावापुरतीच असते, तेथेही बी पिकवते.

या गुणाची किंमतही आहे. झाडाचे घड्याळ उगवताच चालू होते. सुरुवातीचे दोन आठवडे थंडीत किंवा पाणथळ जमिनीत गेले तर ती वाढ पुढे भरून निघत नाही.

१३. नर आणि मादी झाडे वेगळी असतात, मग चांगला नर ओळखायचा कसा?

पैदासीतील सर्वांत अवघड प्रश्न हाच आहे, कारण बी आणि राळ हे गुण नरात दिसतच नाहीत, आणि वाखाचे प्रमाण कळावे म्हणून झाड कापले तर पराग मिळत नाही. जर्मनीतील गुस्ताव ब्रेडेमान यांनी यावर काढलेला उपाय मला आजही थक्क करतो. फुलण्याआधी नर झाडाचे खोड उभे चिरायचे, अर्ध्या भागातील वाख मोजायचा, आणि उरलेला अर्धा भाग जमिनीत उभा ठेवून वाख जास्त असलेल्यांनाच फुलू द्यायचे. अशा रीतीने दोन्ही बाजूंनी निवड झाल्यामुळे वाखाचे प्रमाण काही दशकांत लक्षणीय वाढले. इतर गुणांसाठी नराची परीक्षा त्याच्या मुलींवरून करतात: एका नराचा पराग अनेक मादी झाडांवर वापरून संततीची तुलना करायची आणि तोवर त्याचा पराग किंवा कलम जपून ठेवायचे.

१४. एकाच झाडावर नर व मादी फुले असलेली वाणे कशी तयार झाली? आणि ‘फक्त मादी’ बियाणे म्हणजे तेच का?

ती दोन्ही वेगळी आहेत, जरी दोन्हींत झाडे गुणसूत्रांनी मादीच असली तरी. शेतात नर झाड परागीभवनानंतर लवकर वाळते आणि मादी झाड उशिरा पिकते, त्यामुळे यंत्राने एकाच वेळी कापणी करणे कठीण जाते. म्हणून १९३० आणि १९४० च्या दशकांत युक्रेन आणि जर्मनीत, दोन्ही प्रकारची फुले एकाच झाडावर येणारी विरळ झाडे हेरून त्यांची वाणे तयार केली गेली. जर्मनीतील ‘फिब्रिमोन’ हे त्यांपैकी महत्त्वाचे. फ्रान्सच्या ‘फेलिना’मध्ये त्याचा हंगेरीच्या ‘कोम्पोल्टी’शी संकर आहे. ही वाणे राखणे मात्र चिकाटीचे काम आहे, कारण शेतात एखादे अस्सल नर झाड राहिले तर दोन-तीन पिढ्यांत वाण पुन्हा नर-मादीत विभागले जाते. बीजोत्पादनात अशी झाडे फुलण्याआधीच उपटावी लागतात.

‘फक्त मादी’ बियाणे वेगळ्या तत्त्वावर आहे. दिल्ली विद्यापीठातील एच. वाय. मोहन राम आणि आर. सेट यांनी १९८२ मध्ये दाखवले की चांदीच्या क्षारांची, विशेषतः सिल्व्हर थायोसल्फेटची प्रक्रिया केल्यास मादी झाडावर सक्षम परागाची नर फुले येतात. अशा परागात नराचे गुणसूत्रच नसल्यामुळे संतती जवळजवळ सगळी मादी निघते. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या या पद्धतीमागचे हे संशोधन भारतातले आहे, हे फार कमी जणांना ठाऊक असते.

१५. संकराची पहिली पिढी सुंदर एकसारखी आली. तिचे बी पेरले तर सगळी झाडे वेगवेगळी निघाली. माझे काय चुकले?

काहीच चुकले नाही. दोन दूरच्या कुळ्यांची पहिली पिढी बऱ्यापैकी एकसारखी व जोमदार असते. दुसऱ्या पिढीत सर्व गुण नव्याने वाटले जातात. पैदासकाराला हवे असलेले संयोग, म्हणजे उत्तरेचे घड्याळ आणि दक्षिणेचा वास किंवा मोकळा फुलोरा, याच पसाऱ्यात सापडतात, म्हणून दुसरी पिढी जितकी मोठी पेरता येईल तितकी पेरावी. अप्रभावी जनुकाचे दोन गुण एकाच झाडात हवे असतील तर सोळांत सरासरी एकच झाड मिळते, आणि तीन हवे असतील तर चौसष्टांत एक. त्यानंतर पाच-सहा पिढ्या निवड करून वाण स्थिर होते. ‘स्कंक’ म्हणून ओळखली जाणारी कुळी कोलंबिया, मेक्सिको आणि अफगाणिस्तानच्या झाडांपासून १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात याच रीतीने घडली. अफगाण बाजूने तिला लवकर पिकण्याचा गुण मिळाला नसता तर ती पुढे नेदरलँड्सपर्यंत पोहोचली नसती.

भांग परपरागीभवनाची वनस्पती असल्यामुळे सतत स्वपरागण केल्यास जोम ओसरतो. स्थिरता आणि जोम यांची ही ओढाताण कायमची आहे.

१६. थंड हवामानात टीएचसी वाढते का? आणि प्रमाणित हेम्पही कधी कधी मर्यादा का ओलांडते?

टीएचसी आणि सीबीडी यांचे एकमेकांशी प्रमाण जनुके ठरवतात, हवामान नव्हे. एटीन द मेयर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवले की गुणसूत्रावरील एकाच स्थानी असलेल्या जनुकाच्या दोन पर्यायांमुळे झाड टीएचसीप्रधान, सीबीडीप्रधान किंवा मिश्र होते, आणि मिश्र झाडांच्या संततीत ही तीन रूपे १:२:१ या प्रमाणात येतात. ऊन, खत आणि वय यांनी एकूण राळ कमी-जास्त होते. गुणोत्तर फारसे हलत नाही.

मर्यादेचा पेच यातूनच निर्माण होतो. सीबीडीप्रधान झाडातही थोडे टीएचसी तयार होते, ढोबळमानाने पंचवीस भाग सीबीडीमागे एक भाग. म्हणजे सीबीडी साडेसात टक्क्यांवर गेले की टीएचसी ०.३ टक्क्यांवर पोहोचते. झाड अस्सल हेम्पच्या कुळीचे असूनही केवळ चांगले पिकल्यामुळे ते बेकायदा ठरू शकते. यातून सुटण्याचे मार्ग दोन: वेळेआधी कापणी, किंवा फ्रान्सच्या ‘सँटिका’सारखी वाणे, ज्यांत सीबीजी हे आधीचे द्रव्यच साठून राहते आणि पुढची पायरी घडत नाही.

१७. अफगाण वाण लवकर पिकते, तरी आमच्या दमट किनारपट्टीवर फुलोरा सडतो. असे का?

कारण ते कोरड्या हवेत घडले आहे. त्याचा दाट, गच्च फुलोरा उन्हात राळ सांभाळतो, पण पाऊस आणि दव यांचे पाणी आत अडकून राहते, आणि गारठ्यासह ओलावा टिकला की बोट्रायटिस ही राखाडी बुरशी आतून सुरू होते. बाहेरून एक पान वाळलेले दिसते तोवर मधला भाग गेलेला असतो. लवकर पिकणे आणि ओलावा सोसणे हे दोन स्वतंत्र गुण आहेत. दमट समशीतोष्ण प्रदेशासाठी मोकळा फुलोरा, एकमेकांपासून दूर असलेल्या फांद्या आणि पाऊस वाढण्यापूर्वी पिकणे, या तिन्हींसाठी एकत्र निवड करावी लागते. राखाडी बुरशीला पूर्ण प्रतिकार देणारे एखादे जनुक हाताशी नाही, म्हणून झाडाचा बांधाच सर्वाधिक उपयोगी ठरतो. भुरीचे तसे नाही. तिला प्रतिकार करणारे एक प्रभावी जनुक २०२१ मध्ये वर्णिले गेले आणि ते संकराने आणणे तुलनेने सोपे आहे.

१८. दक्षिण गोलार्धातील वाण उत्तरेत आणताना काही वेगळे लागते का?

पेरणीचा महिना सहा महिन्यांनी सरकतो, इतकेच. झाडाला महिना कळत नाही, दिनमान कळते. डर्बनच्या परिसरातील, म्हणजे सुमारे ३० अंश दक्षिणेचे वाण ३० अंश उत्तरेच्या वाणासारखेच मानून प्रश्न ८ चे उत्तर लावावे.

१९. जुनी स्थानिक वाणे खरोखर नष्ट होत आहेत का? बीजपेढीत, म्हणजे बियाण्यांच्या संग्रहात, बी ठेवले की ती वाचतात ना?

नष्ट होत आहेत, आणि बहुतेक वेळा कोणाच्या वाईट हेतूशिवाय. रिफ पर्वतात जास्त उत्पन्नाची संकरित झाडे आली, त्यांना अधिक पाणी लागते तरी शेतकऱ्यांनी ती घेतली, आणि त्यांचा पराग शेजारच्या बेल्दियात मिसळला. भांगेचा पराग वाऱ्यावर कित्येक किलोमीटर जातो, म्हणून एका खोऱ्यात एकाने बाहेरचे बी पेरले की सर्वांच्या वाणात भेसळ सुरू होते. हे ‘सुधारित’ बी मूळ वाणाच्या गावी भेट म्हणून नेणाऱ्या हौशी प्रवाशांना म्हणूनच कळकळीने सांगावेसे वाटते की कृपया नेऊ नका.

पेढी आवश्यक आहे, पण ती तेवढ्याने पुरत नाही. भांगेचे बी साध्या खोलीत काही वर्षांतच उगवण गमावते. कोरडे करून शून्याखाली ठेवले तर दीर्घकाळ टिकते, पण तरीही ठरावीक काळाने पेरून, इतर परागापासून दूर, पुरेशा झाडांवर पुन्हा बी धरावे लागते. लिस्टर ड्युई यांनी अमेरिकेच्या कृषी खात्यासाठी केंटकीच्या चिनी वंशाच्या बियाण्यापासून ‘किमिंग्टन’ निवडले आणि इटलीच्या फेरारा वाणाशी त्याचा संकर करून ‘फेरामिंग्टन’ घडवले. १९३३ मध्ये काम थांबले आणि ती वाणे आज लागवडीत कोठेही उरलेली नाहीत. याउलट दुसऱ्या महायुद्धात लेनिनग्राडच्या (आजच्या सेंट पीटर्सबर्गच्या) वेढ्यात वाविलोव्ह संस्थेतील माणसे उपाशी मेली, पण त्यांनी संग्रहातील धान्याला हात लावला नाही. युद्धानंतरही त्या संस्थेने जपलेल्या आणि पुन्हा पुन्हा पेरलेल्या हेम्पच्या संग्रहातूनच पुढे फिनोलाचे पूर्वज मिळाले.

२०. पाकिटावर एखाद्या खोऱ्याचे नाव असेल तर त्यावर विश्वास ठेवावा का?

नावावर नको, नोंदींवर ठेवावा. बी कोणत्या गावातून, किती उंचीवरून, कोणत्या वर्षी आणि किती झाडांपासून गोळा केले. पुढे ते कोठे आणि किती पिढ्या वाढवले. त्या वेळी बाहेरच्या परागापासून ते कसे वेगळे ठेवले, एवढे विक्रेत्याला सांगता आले तर त्या नावाला अर्थ आहे. झाडे एकसारखी निघाली, तर ते बी मूळ स्थानिक समूहातले नसून पुढे निवडलेले असण्याची शक्यता अधिक. फुलण्याची तारीखही साक्ष देते: केरळचे म्हणून घेतलेले झाड ५० अंशांवर ऑगस्टमध्ये फुलले, तर त्याच्या वंशात कोठेतरी उत्तरेची कुळी आलेली आहे.